घरची जुनी मोटार चोरीला गेली तर : नागपुरातील मालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आमच्या घरची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी पश्चिम नागपुरातील घरासमोरून एका रात्रीत नाहीशी झाली. सकाळी जागेवर उरले होते ते फक्त तिचे कव्हर, तेही नीट घडी करून कुंपणाला टेकवून ठेवलेले. गाडी एकोणीस दिवसांनी परत मिळाली. मधल्या काळात आम्ही जे योग्य केले आणि ज्या चुका केल्या, त्यांतून हा लेख तयार झाला आहे. ज्यांच्या दारात वडिलांची ॲम्बेसेडर, आजोबांची डुक्कर फियाट, स्टँडर्ड हेरल्ड, विलीज जीप किंवा पहिल्या काही वर्षांतील मारुती ८०० उभी आहे आणि ज्यांचा पोलिस ठाणे, आरटीओ, विमा कंपनी व न्यायालय यांच्याशी आजवर संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपण आपली गाडी गल्लीच्या टोकाला वळली की आवाजावरून ओळखतो. दार लावताना होणारा आवाज, डॅशबोर्डवरचा एखादा ओरखडा, डिकीला येणारा वास एवढ्यावरून डोळे मिटून सांगू शकतो की ती आपलीच आहे. पोलिसांना, आरटीओला आणि न्यायालयाला मात्र ती चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि कागदपत्रे यांवरूनच ओळखता येते. आपल्या मनातली ओळख कागदावर जितकी अचूक उतरवता येईल, तितकी गाडी परत मिळण्याची शक्यता वाढते.

पहिली पंधरा मिनिटे

गाडी जागेवर नाही हे दिसताच घरातील प्रत्येकाला, नेहमीच्या मेकॅनिकला आणि किल्ली ज्यांच्याकडे असू शकते अशा नातेवाइकांना फोन करावा. गाडी रस्त्यावर उभी असेल, तर वाहतूक पोलिसांनी ती उचलून नेली आहे का, हे त्या भागाच्या वाहतूक शाखेकडे विचारावे. एवढे पंधरा मिनिटांत उरकते. त्यापलीकडे वाट पाहू नये.

जागेवरील कोणतीही वस्तू हलवू नये. कव्हर, काचेचे तुकडे, तुटलेले कुलूप, जमिनीवरचे तेलाचे ठिपके आणि चाकांच्या खुणा यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. आम्ही कव्हर उचलून घरात नेले आणि त्यावर कोणाच्या हाताच्या खुणा असतील तर त्या आमच्याच हातांनी पुसल्या गेल्या. चाकांच्या खुणांकडे विशेष लक्ष द्यावे. जुनी गाडी बहुतेकदा आठवडेच्या आठवडे उभी असते, तिची बॅटरी उतरलेली असते आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकलेले असते. अशी गाडी कोणी सहजासहजी सुरू करून नेत नाही. ती ढकलून, दोर बांधून ओढून किंवा सरळ ट्रकवर चढवून नेलेली असते. असे झाले असेल, तर नंतर कॅमेऱ्यात फियाट शोधत बसण्यात वेळ जातो आणि खरे तर शोधायचा असतो तो एखादा टेम्पो, क्रेन किंवा ताडपत्री बांधलेला ट्रक. गाडी चालू स्थितीत होती की नव्हती, हे पोलिसांना पहिल्याच जबाबात सांगणे म्हणून फार महत्त्वाचे आहे.

११२ आणि पोलिस ठाणे

प्रथम ११२ या क्रमांकावर फोन करावा. गाडीचा क्रमांक, रंग, मॉडेल, ती शेवटची कधी पाहिली ती वेळ आणि ठिकाण एवढे सांगितले की संदेश नियंत्रण कक्षामार्फत पुढे जातो. त्यानंतर लगेच ज्या पोलिस ठाण्याच्या हद्दीतून गाडी गेली, तेथे जाऊन प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवावी. नागपुरात दोन ठाण्यांच्या हद्दी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असू शकतात आणि त्यामुळे "हे आमच्याकडे येत नाही" असे ऐकावे लागण्याची शक्यता असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची असते. तिला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. आपण बाहेरगावी असाल आणि शेजाऱ्याने चोरी कळवली असेल, तर हीच खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

ठाण्यातून निघताना हातात काय आहे याकडे नवख्या माणसाने नीट पाहावे. साध्या अर्जावर मारलेला शिक्का किंवा स्टेशन डायरीतील नोंद म्हणजे एफआयआर नव्हे आणि विमा कंपनी तेवढ्यावर दावा मान्य करत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या प्रतीवर अपराध क्रमांक, तारीख, वेळ आणि भारतीय न्याय संहितेचे चोरीचे कलम असते. तपास अधिकाऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक तेथेच विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावा. ठाण्यात नोंद घेण्यास टाळाटाळ झाली, तर आवाज न चढवता ठाणेदारांना भेटावे. तरीही काम झाले नाही, तर परिमंडळाच्या पोलिस उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतरचा मार्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा असतो. बहुतेक वेळा ठाणेदारांच्या टेबलापाशीच प्रश्न सुटतो.

जबाबात काय लिहून घ्यावे, हा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण आमची सर्वांत महागात पडलेली चूक येथेच झाली. जुन्या गाड्यांचा चेसिस क्रमांक आजच्या गाड्यांसारखा सतरा अंकाक्षरांचा नसतो. तो आखूड असतो, त्याची धाटणी कंपनीगणिक बदलते आणि जुन्या हस्तलिखित आरसी बुकात तो कधी कधी पुसट झालेला असतो. आमच्या एफआयआरमध्ये क्रमांकातील इंग्रजी बी या अक्षराच्या जागी आठचा आकडा लिहिला गेला. वाचून न पाहता मी सही केली. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातील पोलिसांना एका शेडमध्ये संशयास्पद पद्मिनी दिसली, त्यांनी क्रमांक तपासला आणि तो आमच्या एफआयआरशी जुळला नाही. पुरवणी जबाब देऊन ती दुरुस्ती करेपर्यंत एक आठवडा निघून गेला. म्हणून आरसीवरील क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचून सांगावा, लिहिलेला क्रमांक स्वतः एकेक अक्षर ताडून पाहावा आणि मगच सही करावी. गाडीचे इंजिन कधी बदलले असेल, पेट्रोलचे डिझेल केले असेल किंवा रंग बदललेला असेल आणि तो बदल आरसीवर नसेल, तर तेही लपवू नये. लपवलेली गोष्ट गाडी सापडल्यावर आपल्याच मालकीवर शंका उभी करते.

क्रमांकांखेरीज गाडीच्या खुणा सांगाव्यात. "रंग पांढरा" एवढ्याने काम होत नाही, कारण पांढऱ्या ॲम्बेसेडर असंख्य आहेत. मागच्या डाव्या मडगार्डवर वेल्डिंगचा जोड, चालकाच्या सीटखालच्या पत्र्याला लावलेली ठिगळे, डॅशबोर्डला मागाहून बसवलेले ॲमीटर, स्टेअरिंगच्या एका दांडीला पडलेली चीर, टपावरचे कॅरिअर काढल्याची चार भोके अशा खुणा लिहून घ्याव्यात. चोर नंबरप्लेट पाच मिनिटांत बदलतो, रंग दोन दिवसांत बदलतो, पण वेल्डिंगचा जुना जोड त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या गाडीची ओळख शेवटी पटली ती मागच्या सीटखाली वडिलांनी ऑइलपेंटने लिहिलेल्या एका तारखेवरून.

किमतीचा रकाना विचारपूर्वक भरावा. जुनी गाडी म्हटली की समोरचा लिहिणारा भंगाराचा भाव धरतो. गेल्या काही वर्षांत झालेला दुरुस्तीचा खर्च, त्याची बिले आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या गाड्यांची चालू किंमत सांगून वाजवी रक्कम लिहावी. फुगवून सांगू नये, कारण हीच रक्कम पुढे विमा कंपनीच्या आणि न्यायालयाच्या समोर येते. गाडीत आरसी, विमा पॉलिसी, टूलकिट किंवा घराच्या किल्ल्या होत्या का, हेही नोंदवावे. आरसी गाडीतच असेल, तर नमुना २६ भरून दुय्यम प्रत घेण्यासाठी एफआयआरमध्ये तिचा उल्लेख असणे उपयोगी पडते.

त्याच दिवशी करायची धावपळ

कॅमेऱ्यांचे चित्रण कायम राहत नाही. घरगुती आणि दुकानातील यंत्रांवर काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी, जुन्यावर नवे चित्रण चढते. पोलिस आपले काम करतीलच, परंतु गल्लीतील कोणत्या घराला कॅमेरा आहे हे आपल्याला त्यांच्याहून चांगले ठाऊक असते. शेजारी, किराणा दुकान, एटीएम, रुग्णालय, पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालय यांना त्याच दिवशी भेटून त्या रात्रीचे चित्रण पुसले जाऊ नये अशी विनंती करावी आणि त्यांची यादी तपास अधिकाऱ्यांना द्यावी. चौकातील सरकारी कॅमेऱ्यांचे चित्रण आपल्याला थेट मिळत नाही. ते पोलिसांमार्फतच मागवावे लागते.

नागपूरचे भौगोलिक स्थान येथे ध्यानात घ्यायला हवे. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ या शहरात एकमेकांना छेदतात. उत्तरेला सावनेर किंवा मनसरच्या बाजूने गाडी गेली, तर दोन तासांच्या आत ती मध्य प्रदेशात असते. वर्धा मार्गावर बोरखेडी, भंडारा मार्गावर माथनी, अमरावती मार्गावर गोंडखैरी, जबलपूर मार्गावर खुमारी असे टोलनाके शहराच्या चारही दिशांना आहेत आणि शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. कोणत्या नाक्यांचे चित्रण पाहायचे, हे ठरवायला चोरीची अंदाजे वेळ लागते. म्हणून शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले, हे शेजाऱ्यांकडून शक्य तितके नेमके काढावे. दूध घालणारा, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा चौकीदार यांना विचारावे. ट्रकवर चढवलेली गाडी असेल, तर वाडी आणि कापसी या मालवाहतुकीच्या भागांत चौकशी करण्याची विनंती पोलिसांना करावी.

गाडीवर फास्टॅग असेल, तर तो लगेच बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खात्यातील शे-दोनशे रुपये गेले तरी चालतील. गाडी एखाद्या नाक्यावरून गेली, तर मोबाइलवर येणारा संदेश नाक्याचे नाव आणि वेळ सांगतो, आणि इतका नेमका धागा दुसरीकडून मिळत नाही. तो संदेश आला की त्याच मिनिटाला तपास अधिकाऱ्यांना कळवावे. गाडीच्या क्रमांकावर ई-चलान आले आहे का, हेही दर दोन दिवसांनी पाहावे. परगावच्या चौकात कापले गेलेले चलान म्हणजे गाडीचा फोटो, ठिकाण आणि वेळ एकत्र मिळाल्यासारखे असते.

आरटीओकडे नोंद

एफआयआरची प्रत मिळाली की दुसऱ्या कामाच्या दिवशी नोंदणी असलेल्या आरटीओकडे लेखी अर्ज द्यावा. नागपुरात एमएच ३१ हे शहर, एमएच ४० हे ग्रामीण आणि एमएच ४९ हे पूर्व नागपूर कार्यालय आहे. गाडी परगावी नोंदलेली असेल, तर अर्ज तेथे पाठवावा लागतो. "सदर वाहन चोरीस गेले असून वाहन प्रणालीत तशी नोंद घ्यावी आणि मालकी हस्तांतर, ना हरकत प्रमाणपत्र किंवा दुय्यम आरसी यांसाठी कोणताही अर्ज मंजूर करू नये" असे अर्जात स्पष्ट लिहावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत येथे एक अडचण हमखास येते. १९८९ पूर्वीच्या जुन्या मालिकेतील क्रमांक असलेल्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर आलेलीच नसते; ती कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरात असते. संगणकात नसलेल्या गाडीवर चोरीची खूण तरी कशी लावणार? अशा वेळी आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या रजिस्टरातील माहिती संगणकावर चढवणे, करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ आरसी बुक दाखवावे लागते आणि काही दिवस जातात. आम्हाला हे चोरीनंतर कळले. ज्यांची गाडी अद्याप घरी आहे, त्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून पाहावा आणि माहिती दिसत नसेल, तर याच आठवड्यात आरटीओला जावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या प्रणालीत देशभरातील चोरीच्या आणि सापडलेल्या वाहनांची माहिती जुळवली जाते. आपल्या गाडीची माहिती तेथे अचूक गेली आहे का, हे तपास अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारावे. चुकीच्या चेसिस क्रमांकाचा परिणाम तेथपर्यंत पोहोचतो, हे आम्ही अनुभवले आहे.

विमा : सही करण्यापूर्वी विचार

फक्त तृतीय पक्ष विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या मालकांपैकी अनेकजण हप्ता वाचवण्यासाठी तेवढाच विमा उतरवतात, त्यामुळे पॉलिसी काढून प्रथम हेच पाहावे. सर्वंकष विमा असेल, तर कंपनीला त्याच दिवशी फोनने आणि ईमेलने कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. कळवण्यास थोडा उशीर झाला म्हणून धीर सोडू नये. एफआयआर ताबडतोब दाखल झालेली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले या कारणाने चोरीचा खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

नोंदणीची मुदत संपलेली असणे ही याहून गंभीर बाब आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका चोरीच्या गाडीच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध नोंदणी नसणे हा विमा कराराचा मूलभूत भंग मानला आणि भरपाई नाकारली गेली. घरासमोर उभीच असते म्हणून नूतनीकरण पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कंपनीचा सर्वेक्षक किंवा तपासनीस येतो, जबाब घेतो आणि दोन्ही मूळ किल्ल्या मागतो. जुन्या गाडीची एक किल्ली वर्षांपूर्वी हरवलेली असते. तसे असेल तर खरे ते लिहून द्यावे. शेजारच्या चावीवाल्याकडून नवी किल्ली करून ती मूळ म्हणून देणे ही दावा बुडवण्याची वाट आहे. पोलिसांचा अंतिम अहवालही लागतो. तपास होऊनही गाडी आणि चोर सापडले नाहीत, तर महाराष्ट्रात पोलिस न्यायालयाकडे "अ" समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा झाला नाही. या कागदाला काही महिने लागतात. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे, त्याचा आधार घेऊन लेखी विचारणा करता येते.

भरपाई ठरते ती आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या विमा मूल्यावर. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे हे मूल्य कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायचे असते. प्रत्यक्षात नूतनीकरणाच्या वेळी एजंट एखादा लहान आकडा लिहितो आणि आपण सही करतो. तीन लाख रुपये खर्चून उभी केलेली गाडी कागदावर चाळीस हजारांची राहते. चोरीनंतर हा आकडा बदलत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, ती अशी. दावा मंजूर होताना कंपनी आरटीओच्या मालकी हस्तांतरासाठीच्या नमुना २८, २९ आणि ३० यांवर आणि हक्क हस्तांतराच्या पत्रावर आपल्या सह्या घेते. पैसे स्वीकारल्यानंतर गाडी सापडली, तर ती कंपनीची असते. नव्या मोटारीच्या मालकाला याचे काही वाटत नाही, पण वडिलांच्या गाडीबाबत चाळीस हजारांसाठी केलेली ही सही फार जड जाऊ शकते. कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे : गाडी सापडण्याची थोडीफार आशा आहे का, आणि सापडल्यास ती आपल्याला हवी आहे का? हवी असेल, तर दावा दाखल करून ठेवावा, पण अंतिम सह्यांची घाई करू नये आणि गाडी पुढे सापडल्यास ती परत विकत घेण्याची मुभा कंपनी देईल का, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पैशांची निकड असेल, तर पैसे घेण्यात काहीही गैर नाही. निर्णय जाणून घेतलेला असावा, एवढेच.

दावा नाकारला गेला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे, त्यानंतर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राज्य ग्राहक आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरातच आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबईला जावे लागत नाही.

लोकांना सांगणे आणि फसव्यांपासून सावध राहणे

जुन्या गाड्या जपणाऱ्यांचे जग लहान असते आणि तेच आपले बळ आहे. पद्मिनीचे कार्बोरेटर जमवणारे, ॲम्बेसेडरच्या स्टीअरिंग बॉक्सचे काम जाणणारे, जुनी क्रोमची बंपर पॉलिश करणारे कारागीर शहरात बोटांवर मोजण्याइतके असतात आणि चोरीची गाडी किंवा तिचे सुटे भाग आज ना उद्या अशाच कोणाच्या तरी नजरेला पडतात. त्यांना प्रत्यक्ष भेटून फोटो द्यावेत. अमरावती, छिंदवाडा, रायपूर, जबलपूर येथील हौशी मालकांच्या गटांतही माहिती पोहोचवावी. आम्हाला पहिली खबर एका टपरीवजा गॅरेजमधील मिस्त्रींकडून मिळाली. त्यांच्याकडे कोणीतरी पद्मिनीच्या मागच्या काचेचे रबर विचारायला आले होते.

समाजमाध्यमांवर फोटो टाकताना पूर्ण चेसिस क्रमांक टाकू नये, कारण तो दुसऱ्या गाडीवर ठोकण्यासाठी वापरला जाऊ शकतो. दोन-तीन खुणाही मुद्दाम राखून ठेवाव्यात. "तुमची गाडी आमच्याकडे आहे, वाहतुकीचे पैसे पाठवा" असे फोन येतातच. आम्हाला चार आले. अशा माणसाला राखून ठेवलेली खूण विचारावी. उत्तर आले नाही की फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. फोन खरा वाटला, तरी एकट्याने किंवा मित्रांना घेऊन गाडी आणायला जाऊ नये. तपास अधिकाऱ्यांना सांगावे आणि त्यांच्यासोबतच जावे. पोलिस पंचनाम्याशिवाय आणलेली गाडी पुराव्याच्या दृष्टीनेही कमकुवत ठरते.

गाडी सापडल्यावर

सापडलेली गाडी लगेच घरी नेता येत नाही, हे मनाला लागते, पण त्यामागे कारण आहे : ती आता खटल्यातील मुद्देमाल असते. पोलिस पंचनामा करतात आणि ओळख पटवण्यासाठी मालकाला बोलावतात. त्या वेळी आरसी, विमा, जुने फोटो आणि दुरुस्तीची बिले सोबत न्यावीत. चेसिस क्रमांक घासलेला किंवा दुसरा ठोकलेला असेल, तर न्यायसहायक प्रयोगशाळेमार्फत तपासणी होऊ शकते, आणि तेथे आपण सांगितलेल्या खुणांचा खरा उपयोग होतो.

त्यानंतर सिव्हिल लाइन्स येथील न्यायालयात, किंवा गाडी ज्या हद्दीत जप्त झाली तेथील न्यायालयात, गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत बंधपत्र देऊन आपल्या ताब्यात, मिळावी म्हणून अर्ज करावा. हे काम वकिलामार्फत करणे सोयीचे असते. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, फोटो आणि बंधपत्र घेऊन ती मालकाला द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे आणि वकील अर्जात त्याचा आधार घेतात. उशीर करू नये. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या गाडीची रबरे, डॅशबोर्ड आणि सीटचे रेक्झिन काही आठवड्यांत तडकते आणि पहिल्या पावसात पत्र्याला जंग धरते.

सुपूर्दनाम्यावर गाडी घेताना न्यायालय अटी घालते : खटला संपेपर्यंत विकू नये, स्वरूप बदलू नये, बोलावल्यास हजर करावी. चोरांनी काळा रंग मारलेली आमची फिकट निळी पद्मिनी मला लगेच पूर्ववत करायची होती. वकिलांनी थांबवले आणि न्यायालयाची लेखी परवानगी घेतल्यावरच आम्ही रंगाला हात लावला. गाडी घरी आणण्यापूर्वी ब्रेक, स्टीअरिंग, इंधनाची नळी आणि वायरिंग मेकॅनिककडून तपासून घ्यावे आणि शक्यतो ती चालवत न आणता वाहनावर ठेवूनच आणावी. शेवटी आरटीओकडे जाऊन चोरीची नोंद काढून घेण्याचा अर्ज द्यावा. हे राहिले, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते.

ज्यांची गाडी अजून दारात आहे

आरसी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. वडील किंवा आजोबा जाऊन वर्षे लोटली तरी गाडी त्यांच्याच नावावर असणे ही नागपुरातील अनेक घरांची स्थिती आहे. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करायचा असतो, आणि विमा पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच टिकते. मृत व्यक्तीच्या नावावरील गाडी चोरीला गेली, तर एफआयआर कोणीही देऊ शकतो, पण भरपाई आणि सुपूर्दनामा या दोन्ही ठिकाणी वारसदाखला, भावंडांची संमतीपत्रे आणि महिनोन्महिने आड येतात. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपातील खासगी गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जी गाडी भाजी आणायलाही काढली जाते, तिच्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

एखाद्या रविवारी सकाळी बॉनेट उघडून चेसिस क्रमांकाचा पट्टा स्वच्छ पुसावा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घ्यावा, इंजिन क्रमांकाचाही घ्यावा आणि आरसीशी ताडून पाहावे. गाडीचे चारही बाजूंनी, आतून आणि खालून फोटो काढावेत. सीटखाली किंवा दाराच्या आतल्या पत्र्यावर, जेथे कोणी पाहत नाही अशा ठिकाणी, स्वतःची एक खूण कोरावी. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवावा, स्वतःची वेगळी बॅटरी असलेला जीपीएस ट्रॅकर मेकॅनिककडून आत लपवून घ्यावा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून घरात ठेवावा, म्हणजे इंजिन सुरूच होत नाही. गाडीवर कव्हर असेल, तर दर दोन दिवसांनी ते उचलून खाली गाडी आहे याची खात्री करावी.